घारपुऱ्यांची काजळी

काळा हा एकच रंग आहे असं समजणाऱ्या माणसांची घारपुऱ्यांना मनापासून कीव येई. "अर्धं जग न बघताच जातात बिचारे," असं म्हणून ते टेबलाचा खालचा खण ओढत. त्या खणात चाळीस-पन्नास काड्यापेट्या ओळीनं लावलेल्या होत्या. प्रत्येकीत चिमूटभर काजळी आणि वर बारीक अक्षरात चिठ्ठी: 'घरची चूल, दगडी कोळसा', 'समई, तिळाचं तेल', 'कंदील, वात वाकडी', 'रेल्वे इंजिन, बालीगंज स्टेशन, वारा पूर्वेचा'. डोळे मिटून, नुसत्या अंगठ्या-तर्जनीत चोळून ते कुठली काजळी कुठली हे सांगत. त्यांची फजिती करावी म्हणून मी एकदा दोन पेट्यांतली काजळी मिसळून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोटं चोळली, वास घेतला आणि डोळे न उघडताच म्हणाले, "लिमये, यात समई आहे आणि इंजिनही आहे. ही सोयरीक कुणी जमवली?"

मी पुण्याहून बदली होऊन कलकत्त्याला गेलो, तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. देशात लोखंडाचे मोठे कारखाने निघणार होते. त्या कारखान्यांच्या भट्ट्यांना लागणाऱ्या विटा तपासणारी आमची एक लहानशी सरकारी प्रयोगशाळा बालीगंजला रेल्वे रुळांच्या कडेला होती. फाटकावरची पाटी मात्र इमारतीच्या मानानं फार मोठी होती. ती वाचून आत येणारा माणूस बाकीची इमारत कुठे आहे असं विचारी.

कामाचं स्वरूप सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंडाच्या भट्टीला आतून विटांचं अस्तर असतं. भट्टीतला विषारी वायू त्या विटांत शिरतो, आणि काही विटांच्या पोटात आतल्या आत काजळी धरू लागते. ती वाढते, वीट फुगते आणि फुटते. कुठली वीट फुटेल आणि कुठली टिकेल, हे आम्ही आधी पाहून ठेवायचं. त्यासाठी दोन आम्लं थेंबाथेंबानं एकत्र करून तोच विषारी वायू तयार करायचा, तो चिनी मातीच्या तापलेल्या नळीतून सोडायचा, आणि नळीत विटेचा तुकडा ठेवून वाट बघायची. घारपुरे बावीस वर्षं वाट बघत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला तो मिळवायला नव्हे. तो उलटा केला, धोतराच्या कनवटीला दोऱ्यानं बांधलेलं भिंग काढलं आणि माझी नखं पाहिली. "पुण्याची," ते म्हणाले. "हरकत नाही. होबे, होबे." होईल, होईल. हे त्यांचं आवडतं बंगाली उत्तर सगळ्या प्रश्नांना चाले. मग त्यांनी विचारलं, "चहा खाता का?"

घारपुऱ्यांचे आजोबा कधीतरी हिशेब खात्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि परत जायचे राहून गेले. नातवानं महाराष्ट्र दोनदा पाहिला होता, एकदा मुंजीला आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला. घरातलं मराठी त्यांनी आजोबांकडून जसंच्या तसं उचललं होतं, आणि जिथे ते तोकडं पडे तिथे बंगालीचं ठिगळ लावलं होतं. म्हणून ते चहा खात, पाणी खात आणि विडीही खात. चार वाजता मात्र खरंच खात. हरिपद नावाचा आमचा प्रयोगशाळेतला मिस्त्री कागदी ठोंगाभर मुडी, म्हणजे चुरमुरे, आणी. घारपुरे त्यात मोहरीचं तेल घालत, हिरवी मिरची मोडत आणि मग डब्यातून दोन चमचे मेतकूट काढून कालवत. हे मिश्रण बंगाल्यांना मान्य नव्हतं आणि मलाही नव्हतं. आठवड्याभरात आम्ही सगळेच ते खाऊ लागलो.

नळीतल्या त्या वायूला वास नसतो. तो गळायला लागला तर माणसाला आधी डोकेदुखी कळते आणि मग काहीच कळत नाही. यावर सरकारी उपाय म्हणून भिंतीवर इंग्रजीत सूचना लावलेली होती. घारपुऱ्यांचा उपाय म्हणजे हातीबागानच्या बाजारातून आणलेली मुनियांची जोडी. पिंजरा नळीच्या वर टांगलेला असे. पक्षी पेंगायला लागले की खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. वायूनं एकही मुनिया कधी मेली नाही. त्या म्हातारपणी मेल्या, आणि प्रत्येक वेळी घारपुऱ्यांनी रजेचा अर्ज दिला.

आमचे संचालक डॉ. लाहिडी विलायतेहून पदवी घेऊन आलेले होते आणि ते परत आल्याचं अजून कुणी त्यांना नीटसं पटवून दिलं नव्हतं. उन्हाळ्यातही ते कोट घालत. दिल्लीहून कुणी मोठे अधिकारी पाहणीला यायचे होते, तेव्हा त्यांनी पिंजरा हलवायचा हुकूम काढला. राष्ट्राच्या प्रयोगशाळेत पक्षी शोभत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. घारपुऱ्यांनी निमूटपणे पिंजरा व्हरांड्यात नेला. पाहणी सुरू झाली. अधिकारी नळीजवळ वाकून पाहू लागले, डॉ. लाहिडी राष्ट्रउभारणीवर बोलू लागले. पाच मिनिटांनी घारपुऱ्यांनी अगदी आदरानं मध्ये तोंड घातलं.

"सर, आपलं डोकं दुखतंय का?"

"नाही. का?"

"काही नाही. पक्षी बाहेर आहेत, तेव्हा विचारून घ्यावं म्हटलं."

अधिकाऱ्यांनी पक्ष्यांची चौकशी केली. उत्तर ऐकल्यावर पाहणी फार लवकर आटोपली. पिंजरा त्याच दुपारी आत आला.

यावरून घारपुरे बेरकी होते असं वाटेल. ते बेरकी नव्हते. त्यांना खरोखरच डोकेदुखीची काळजी होती.

त्यांचं घर भवानीपूरला एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर होतं. महिन्यातून एकदा मला तिथे जेवायला बोलावणं असे. त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माई इंदूरच्या. बोलणं स्पष्ट आणि हात सढळ. "लग्नात हळद लावली तेवढे एकदा हे पिवळे दिसले मला," त्या आमटी वाढता वाढता म्हणाल्या. "त्यानंतर जे काळे झाले ते काळेच. धोब्यानं दोनदा विचारलं, साहेब इंजिनात कोळसा घालतात का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?" घारपुऱ्यांनी विचारलं.

"हो म्हटलं. काजळी बघतात हे सांगितलं असतं तर कपडे घेतले नसते त्यानं."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

विटेच्या तुकड्याऐवजी रिकाम्या नळीतच काजळी धरते का, हे पाहावं असं घारपुऱ्यांच्या मनात आलं. नळीत वस्तू ठेवायला चिनी मातीची बोटभर लांबीची पात्रं असतात, त्यांना आम्ही होड्या म्हणत असू. आमच्या होड्या पाच, आणि पाचही जुन्यापुराण्या. त्यांत वर्षानुवर्षं नाना कारखान्यांच्या खनिजांची भुकटी भाजली गेली होती, त्यामुळे त्या मूळच्या पांढऱ्या आहेत हे कागदोपत्रीच खरं होतं. घारपुरे तीन वर्षं नव्या होड्यांची मागणी करत होते. शेवटी त्यांनी एक जुनी होडी तशीच रिकामी नळीत सरकवली, वायू सोडला आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढली.

होडीला दाढी आली होती.

दुसरा शब्द नाही. नेहमीची काजळी मऊ आणि सपाट बसते. ही उभी होती. भिंगातून पाहिलं तर मखमलीसारखी लव दिसे. फुंकर मारली की ती वाकायची आणि पुन्हा उभी राहायची. घारपुऱ्यांनी चिमूट घेतली, डोळे मिटले आणि ती पुन्हा पुन्हा चोळली. मग म्हणाले, "लिमये, ही माझ्याकडे नाही." चाळीस-पन्नास काड्यापेट्या बाळगणाऱ्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य मी तेव्हा पुरतं समजलो नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं की ही काजळी साचत नाही, उगवते. तिचे केसाहून हजारपट बारीक धागे असले पाहिजेत. साध्या सूक्ष्मदर्शकाची तिथे डाळ शिजणार नव्हती. शहरात तेव्हा एका संस्थेत इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मदर्शक होता. त्याच्यासमोर थोरामोठ्यांची रांग होती, आणि संचालकांच्या सहीशिवाय तिथे कुणाचा नमुना जात नसे. घारपुरे पुढल्या मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. धागे आहेत की नाहीत हे त्याआधी डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बढती नको होती, लेख छापून यायला नको होता. तो चमत्कारिक माणूस खरोखरच फक्त बघू इच्छित होता.

डॉ. लाहिडींनी होडी लांबूनच पाहिली. "घारपुरेबाबू, काजळीला केस नसतात."

"हिला आहेत, सर."

"दुर्गापूजेची सुटी संपली की माझ्यासमोर उगवून दाखवा. उगवली तर सही करतो. नाही उगवली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अट रास्त होती. घारपुरे खूशच झाले. त्या महिन्यात त्यांनी पाच-सहा वेळा दाढी उगवून पाहिली, प्रत्येक वेळी उगवली. "या घाणेरड्या होडीत एवढी," ते म्हणत, "तर नव्या होडीत किती येईल!"

आणि मग विश्वकर्मा पूजा आली.

ज्यांनी कलकत्त्याची विश्वकर्मा पूजा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी शहरातलं कुठलंही हत्यार, कुठलंही यंत्र चालत नाही. कारखान्यात, छापखान्यात, मोटारीच्या गॅरेजमध्ये हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती येते, हत्यारं धुऊनपुसून तिच्यापुढे मांडतात, आणि सारं शहर गच्चीवर जाऊन पतंग उडवतं. आमच्याकडे हरिपद हा सोहळा करी. आदल्या दिवशी घारपुरे कामासाठी डमडमला गेले होते. हरिपद भट्टी पुसत होता. मी पुण्याचा, स्वच्छता हा माझा जुना दुर्गुण. मी म्हटलं, होड्या मी धुतो.

पाण्यानं त्या निघेनात. मग मी कडक आम्ल घेतलं आणि तासभर त्यात बुडवून ठेवल्या. आम्ल पिवळंधमक झालं. होड्या दुधासारख्या पांढऱ्या निघाल्या. चारच मिळाल्या, पाचवी कुठे दिसली नाही. त्या चार मी केळीच्या पानावर मूर्तीपुढे मांडल्या. इतकं समाधान मला कलकत्त्यात दुसऱ्या कुठल्याही कामानं दिलं नव्हतं.

पूजेच्या दिवशी घारपुरे आले, होड्या पाहून जागीच थांबले, आणि त्यांचा चेहरा फुलला. "आल्या! तीन वर्षांनी आल्या!" ते धावतच भांडारपालाकडे गेले आणि त्याचे आभार मानून आले. भांडारपालानं ते स्वीकारले. फुकटचे आभार नाकारण्याची त्या खात्यात पद्धत नव्हती. मी सांगणार होतो, पण ते इतके आनंदात होते की म्हटलं, उद्या सांगू. वर आकाशभर पतंग होते.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या होडीत काहीच उगवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "नळी नीट तापली नसेल. होबे," घारपुरे म्हणाले. आठवडा गेला. त्यांनी उष्णता वाढवली, कमी केली, आम्लं बदलली, वायू गाळून घेतला. होडी जशी पांढरी आत जाई तशीच पांढरी बाहेर येई. त्यांचा संशय सगळ्यांवर जाऊन आला, वायूवर, हवेतल्या दमटपणावर, शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर. एका माझ्यावर तेवढा आला नाही. धुण्याचा आणि या सगळ्याचा काही संबंध असेल, अशी शंका मला पहिल्या आठवड्यातच आली होती. दुसऱ्या आठवड्यात सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं, आणि तिसऱ्यात दुसऱ्यापेक्षा. गप्प बसण्याची ही एक अडचण असते.

दुर्गापूजेची सुटी संपली. डॉ. लाहिडी ठरल्या दिवशी कोट घालून आले, सोबत चार माणसं. घारपुऱ्यांनी लांब आकडीनं होडी बाहेर ओढली. ती इतकी स्वच्छ होती की तीत संदेशाची मिठाई वाढता आली असती.

"घारपुरेबाबू," संचालक म्हणाले, "दाढी कुठल्या न्हाव्यानं केली?"

चारही माणसं हसली. कारण हसणं हे त्यांचं कामच होतं. घारपुरेही थोडं हसले. मग त्यांनी होडी पुसली, खरं म्हणजे पुसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, आणि जागेवर ठेवली. चार वाजता मुडी आली, पण मेतकुटाचा डबा त्यांनी काढला नाही.

नोव्हेंबर असाच गेला. डिसेंबरात एका दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेलो तर ते इंग्रजीत पत्र लिहीत होते. त्यांनी ते मला व्याकरणासाठी दाखवलं. 'माझ्या निरीक्षणात दोष होता. वय झाल्यामुळे दृष्टी पूर्वीसारखी राहिलेली नाही. सूक्ष्मदर्शकासाठी केलेली विनंती मी मागे घेतो.'

"व्याकरण बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "घारपुरेसाहेब, होड्या नव्या नाहीत."

"म्हणजे?"

"जुन्याच आहेत. पूजेच्या आदल्या दिवशी मी धुतल्या. आम्लात."

त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. वर पिंजऱ्यात मुनिया दाणे फोडत होत्या. आता हे ओरडतील, असं मला वाटलं. त्यांनी ओरडावं अशी माझी इच्छाही होती.

"आम्लाचा रंग कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"रंग, रंग! धुतल्यावर आम्ल कसं दिसत होतं?"

"पिवळं. चांगलंच पिवळं."

"पिवळं!" ते उठले. शाईची दौत पत्रावर कलंडली, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. "अहो मोशाय, म्हणजे लोखंड! गंज! होडीत गंज होता, तुम्ही तो काढलात! वायूनं नाही उगवत ते, उष्णतेनं नाही, ते गंजावर उगवतं! बावीस वर्षं मी विटांवरचे तपकिरी ठिपके पाहतोय, नेमक्या तिथेच फुटतात विटा, आणि माझ्या टाळक्यात..." मग ते थांबले. "तीन महिने तुम्ही गप्प होतात?"

"भीती वाटली."

"कुणाची? माझी?" त्यांना हे खरोखरच नवीन होतं. आजवर त्यांना कुणी भ्यालं नव्हतं. क्षणभर त्यांना त्याचा आनंदही झाला असावा. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "लिमये, हे वाईट केलंत. धुतलंत ते नव्हे. सांगितलं नाहीत ते."

त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी मात्र तो अधूनमधून काढत असतो.

पाचवी होडी सापडली. ती हरिपदनं पूजेत उदबत्त्या टोचायला घेतली होती आणि मग आपल्या कोनाड्यात विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे ठेवली होती. तिला आम्ल लागलं नव्हतं. घारपुऱ्यांनी त्याच्याकडून ती हात जोडून मागून घेतली. "घ्या दादा," हरिपद म्हणाला, "पण विश्वकर्म्याला परत करा." राख झटकून ती नळीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दाढी होती.

तरीही त्यांनी डॉ. लाहिडींना बोलावलं नाही. आधी त्यांनी खिळे गंजवले, गंज आम्लात विरघळवला, आणि घरून माईंच्या रांगोळीच्या डब्यातली बारीक काडी आणली. मग माझ्याच हातची एक धुतलेली, पांढरीशुभ्र होडी घेऊन तिच्या तळावर त्या पाण्यात बुडवलेल्या काडीनं काहीतरी लिहिलं. ओलं असताना अक्षर फिकट पिवळं दिसलं, वाळल्यावर दिसेनासं झालं.

जानेवारीत संचालक आले. या वेळी एकटेच, बहुधा कंटाळून. होडी बाहेर आली. पांढऱ्या तळावर मखमली काळ्या लवेत, वळणदार, 'श्री' उगवला होता. रकार, वेलांटी, सगळं जागच्या जागी. अक्षराबाहेर एक ठिपका नाही.

डॉ. लाहिडींनी आधी चष्मा काढला, मग पुसला, मग लावला. "हातानं लिहिलंय."

"गंजाच्या पाण्यानं मी लिहिलं, सर. काळं आपोआप आलं."

संचालकांनी 'श्री'वर हळूच फुंकर मारली. तो वाकला आणि उभा राहिला. मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना करताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कोटाची बाही मागे सारली, एका कडेला तर्जनी लावली आणि काळं झालेलं बोट उजेडात धरून बघत बसले. लहानपणी पाटीवर पहिलं अक्षर गिरवताना दिसले असतील तसे ते दिसत होते. "आणखी वाढेल?" त्यांनी बंगालीत विचारलं. ऑफिसात ते बंगाली बोलत नसत.

"होबे," घारपुरे म्हणाले.

सही मिळाली. फेब्रुवारीच्या शेवटी दोघं नमुना घेऊन त्या संस्थेत गेलो. पडद्यावर हिरवट उजेड होता. यंत्र चालवणाऱ्यानं चाकं फिरवली आणि सांगितलं, "देखुन." घारपुरे वाकले. इतका वेळ वाकून राहिले की यंत्रवाला अस्वस्थ झाला. मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "वालाचे मोड आहेत, लिमये."

मी पाहिलं. वेडेवाकडे, नागमोडी धागे, एकमेकांत गुंतलेले. बऱ्याच धाग्यांच्या टोकाला एक काळा ठिपका. बिरड्यासाठी भिजवलेला वाल जसा मोड आल्यावर दाणा डोक्यावर घेऊन उभा राहतो, तसा लोखंडाचा कण धाग्यानं डोक्यावर उचलून धरलेला. कण खाली राहिलेला नव्हता. धागा त्याला घेऊन वर आला होता.

"मध्ये उजेड दिसतो का तुम्हाला?" घारपुऱ्यांनी विचारलं. "दोन्ही कडा काळ्या, मध्ये फिकट. पोकळ तर नसतील?"

यंत्रवाल्यानं घड्याळ पाहिलं. आमची वेळ संपली होती.

ते धागे पोकळ होते की नाही ते मला ठाऊक नाही. अलीकडे असले पोकळ धागे लोक धातूच्या कणांवर मुद्दाम उगवतात आणि त्यांना फार किंमत आहे, असं वाचनात येतं. वाचताना मला मेतकुटाचा वास येतो. पण आमच्या प्रयोगशाळेचं काम ते उगवण्याचं नव्हतं, उगवू न देण्याचं होतं. अहवाल निघाला तो भट्टीच्या विटांच्या मातीत लोखंडाचे डाग राहू देऊ नयेत, असा. उपयुक्त होता. त्यामुळे पुष्कळ विटा वाचल्या असतील. वर डॉ. लाहिडींचं नाव होतं, आतल्या पानावर 'काही नमुन्यांत तंतुमय काजळी आढळली' असं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यात कुणाचं नाव नव्हतं. माझं रक्त उसळलं. घारपुऱ्यांनी ते वाक्य भिंगातून वाचलं. "तंतुमय," ते म्हणाले. "छान शब्द वापरलाय." निरोपसमारंभात संचालकांनी त्यांच्या निष्ठेवर पंचवीस मिनिटं भाषण केलं. काजळीचं नाव निघालं नाही, मुनियांचं निघालं.

यंत्रवाल्यानं त्या दिवशी धाग्यांचं छायाचित्र काढलं होतं, त्याची एक प्रत मात्र डॉ. लाहिडींनी स्वतः त्यांच्या हातात दिली. ती भवानीपूरच्या घरात चौकटीत लागली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माई विचारत, "ओळखा, काय आहे?" कुणी शेवया म्हणे, कुणी वडाच्या पारंब्या. माई म्हणत, "आमच्या यांचं आयुष्य आहे. पण शेवया म्हटलं तरी चालेल."

वर्षभरानं माझी नागपूरला बदली झाली. घारपुरे हावड्याला पोचवायला आले, पांढरं धोतर, नुकताच धुऊन आलेला सदरा. निवृत्तीनंतर धोब्याची आणि त्यांची दोस्ती झाली होती. गाडी सुटायला दोन मिनिटं उरली तेव्हा त्यांनी खिडकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. मी उलगडलं. हरिपदची होडी होती, तपकिरी, डागाळलेली, एका टोकाला उदबत्तीची राख.

"ही विश्वकर्म्याची ना?"

"हरिपदला विचारून घेतली. त्याच्या तसबिरीपुढे आता तुमची एक पांढरी ठेवलीय. त्याला तीच आवडते." मग ते खिडकीच्या गजांशी तोंड आणून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिमये, धुवू नका हं!"

शेजारच्या बाईंनी आधी होडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

शिटी झाली. इंजिनानं मोठा थोरला लोट सोडला आणि तो फलाटावर बसला. सोडायला आलेली माणसं तोंडावर पदर-रुमाल धरून दुसऱ्या हातानं निरोप देत होती. मी वाकून पाहिलं. घारपुरे जागचे हलले नव्हते. धुतलेल्या सदऱ्याची डावी बाही त्यांनी समोर ताणून धरली होती, तिच्यावर इंजिनाचे काळे कण पडत होते, आणि उजव्या हातातलं भिंग त्यांवर रोखून ते बघत होते. निरोप द्यायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.